शालेय उपक्रमांसाठी निधी : शोध, अर्ज आणि हिशेब
(पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

पुणे-मुंबई आणि पुणे-नाशिक या दोन महामार्गांच्या आधाराने वाढलेला पिंपरी-चिंचवड व चाकणचा पट्टा हा महाराष्ट्रातील कारखानदारीचा एक प्रमुख प्रदेश होय. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची शिवारे कारखान्यांनी व्यापली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी या गावांची महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारीने खेड तालुक्यात पाऊल टाकले. चाकण येथे १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या कंपन्यांचे कारखाने सुरू झाले. या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांचे दाट जाळे पसरलेले आहे.

याच भूप्रदेशात महानगरपालिकेच्या शंभराहून अधिक प्राथमिक शाळा, खेड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळा आणि शिक्षणसंस्थांच्या अनुदानित शाळा आहेत. कामाच्या शोधात आलेल्या कुटुंबांची मुले या शाळांत शिकतात. निधी देऊ शकणारे उद्योग आणि निधीची गरज असलेल्या शाळा इतक्या जवळ असूनही दोहोंची गाठ पडतेच असे नाही. हमरस्त्यालगतची शाळा देणाऱ्याच्या नजरेत सहज भरते. भीमाशंकरच्या बाजूच्या एखाद्या वाडीतील दोनशिक्षकी शाळा भरत नाही. दोन्ही शाळा एकाच तालुक्यात असतात, पण एकीला आणखी एक संगणक मिळतो आणि दुसरीला वाचनाची पुस्तकेही मिळत नाहीत.

ही विषमता केवळ देणाऱ्याच्या मर्जीमुळे निर्माण होत नाही. आपली गरज नेमकी काय, ती कोणाकडे मागावयाची आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब कोणी द्यावयाचा, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या शाळेजवळ असतात, ती दूर असली तरी निधीपर्यंत पोहोचू शकते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्या दृष्टीने शासकीय अनुदान, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी, अर्जाची मांडणी आणि हिशेबाची जबाबदारी यांचे विवेचन येथे केले आहे.

१. हक्काचे आणि मदतीचे

निधीच्या शोधाची पहिली पायरी म्हणजे गरजांची यादी करून तिचे दोन भाग पाडणे. पहिल्या भागात कायद्याने शाळेला मिळावयासच हव्यात अशा गोष्टी याव्यात; दुसऱ्या भागात, शाळेचे काम अधिक चांगले व्हावे म्हणून करावयाचे उपक्रम यावेत.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी किमान मानके दिलेली आहेत. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात शिक्षक, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण आणि ग्रंथालय यांचा त्यांत समावेश होतो. शासन व स्थानिक प्राधिकरण यांच्यावर कायद्याने टाकलेले हे कर्तव्य आहे. शिक्षकाचे पद रिक्त असेल, तर त्याचा पाठपुरावा प्रशासनाकडेच झाला पाहिजे. एखाद्या कंपनीने वर्षभर मानधनावर माणूस दिला म्हणून रिक्त पदाचा प्रश्न सुटत नाही. उलट तो प्रशासनाच्या नजरेआड जाण्याची भीती असते.

ही विभागणी व्यवहारात नेहमीच काटेकोर राहते असे नाही. २०१४ साली सुरू झालेल्या 'स्वच्छ विद्यालय' मोहिमेत शाळांची स्वच्छतागृहे बांधण्यासाठी कंपन्यांनाही आवाहन करण्यात आले होते. तरीही यादी वेगळी ठेवण्याचा लाभ असा, की जी गोष्ट हक्काची आहे तिचा अर्ज शिक्षण विभागाकडे लेखी स्वरूपात गेलेला असतो. बाहेरच्या देणगीदाराने 'हे काम शासन का करीत नाही?' असे विचारल्यास त्या अर्जाची प्रत पुढे ठेवता येते.

या विभागणीसाठी वेगळा कागद तयार करण्याचीही गरज नाही. याच कायद्याच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समिती स्थापन होते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम असून, शासनाने व स्थानिक प्राधिकरणाने द्यावयाच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असावा, असे कलम २२ सांगते. म्हणजेच निधीची मागणी कोठून सुरू व्हावी, हे कायद्यानेच सांगून ठेवले आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार अनुदानित व अल्पसंख्याक शाळांमध्ये मात्र या समितीची भूमिका केवळ सल्लागाराची आहे. तेथे आराखड्याची आणि हिशेबाची मुख्य जबाबदारी संस्थेच्या विश्वस्तांवर येते.

२. शासकीय मार्ग

सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-प्रशिक्षणाची योजना यांचे एकत्रीकरण करून २०१८ मध्ये 'समग्र शिक्षा' ही योजना सुरू झाली. तिच्यात शासकीय शाळांसाठी संयुक्त शाळा अनुदानाची तरतूद करण्यात आली. २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी ठरलेल्या निकषांनुसार ही रक्कम पटसंख्येप्रमाणे वर्षाला १० हजार ते १ लाख रुपये इतकी होती आणि तिच्यातील किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी राखून ठेवावयाचा होता. किरकोळ दुरुस्ती, वीजदेयक, खडू-फळा यांतच ही रक्कम संपते. त्यामुळे नव्या उपक्रमासाठी या अनुदानावर विसंबता येत नाही. परंतु ते वेळेवर आणि नियमाप्रमाणे खर्च झाले, याची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात शाळेची पत वाढविते.

विशिष्ट हेतूसाठी दिली जाणारी अनुदाने हा दुसरा प्रकार होय. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाखाली २०१६ नंतर शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळा मंजूर झाल्या. निवड झालेल्या शाळेस उभारणीसाठी १० लाख आणि पुढील पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी १० लाख, असे २० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची ती योजना होती. साधने आणि ती चालविण्याचा खर्च यांचा विचार स्वतंत्रपणे केलेला असल्याने ही रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. शाळेने स्वतःच्या अंदाजपत्रकातही हाच भेद पाळावा.

तिसरा मार्ग स्थानिक स्वराज्य संस्थांचा. वित्त आयोगाच्या निधीतून गावाने करावयाच्या कामांचा विकास आराखडा ग्रामपंचायत तयार करते आणि तो ग्रामसभेपुढे येतो. शाळेची संरक्षक भिंत, पाण्याची टाकी किंवा वर्गखोलीची दुरुस्ती यांची मागणी ग्रामसभेच्या वेळी झाली नाही, तर ती वर्षभर मागे पडते. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होणाऱ्या वर्गखोल्यांच्या कामांनाही हाच नियम लागू होतो. मागणी योग्य महिन्यात आणि योग्य टेबलावर असावी लागते.

महाराष्ट्र शासनाने १८ सप्टेंबर २०२३ रोजी 'दत्तक शाळा' योजनेचा निर्णय काढला. या योजनेत देणगीदाराने ५ किंवा १० वर्षांसाठी शाळेचे पालकत्व स्वीकारावे आणि रोख रकमेऐवजी वस्तू व सेवा पुरवाव्यात, अशी रचना होती. ठरावीक मूल्यापुढे देणगीदाराने सुचविलेले नाव शाळेच्या नावाला जोडण्याचीही मुभा होती. ग्रामीण भागासाठी हे मूल्य ५ वर्षांकरिता ५० लाख रुपये ठेवण्यात आले. या नामकरणावर त्या वेळी टीका झाली. वाडीवरच्या लहान शाळेची गरज बहुधा एक-दोन लाखांची असते. इतक्यासाठी नावाचा सौदा करण्याचे कारण नाही, हे समितीने ध्यानात ठेवावे.

३. सामाजिक दायित्वाचा निधी : कायदा काय सांगतो

व्यवहारात 'सीएसआर' या नावाने ओळखला जाणारा निधी हा या औद्योगिक पट्ट्यातील शाळांसाठी सर्वांत मोठा संभाव्य स्रोत आहे. कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. लगतच्या मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावयाची असते. अशा कामांची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणासह शिक्षणाचा प्रसार आणि रोजगारक्षम कौशल्ये ही त्या यादीत आहेत.

या तरतुदीतील एक बारकावा लहान शाळांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. समजा, सुटे भाग बनविणाऱ्या एखाद्या मध्यम कारखान्याचा सरासरी नफा १० कोटी रुपये आहे. त्याचे दायित्व २० लाख रुपये होते. दायित्वाची रक्कम ५० लाखांपेक्षा अधिक नसेल, तर कंपनीला स्वतंत्र समिती नेमावी लागत नाही. संचालक मंडळच निर्णय घेते. नामांकित मोठ्या कंपन्यांची कामे बहुधा त्यांच्या प्रतिष्ठानांमार्फत आणि आधी ठरलेल्या विषयांवर चालतात. त्यांच्याकडे अर्जांची रीघही असते. उलट मध्यम कंपनीजवळ या कामासाठी वेगळा कर्मचारीवर्ग क्वचितच असतो. नेमका, आटोपशीर आणि हिशेबाची हमी देणारा एक लाखाचा प्रस्ताव अशा ठिकाणी उपयोगी पडतो. म्हणून शाळेने मोठ्या नावांच्या मागे लागण्याआधी आपल्या परिसरातील मध्यम उद्योगांची यादी करावी. कंपनीचे संकेतस्थळ असल्यास तेथे सामाजिक दायित्वाचे धोरण आणि मंजूर प्रकल्प जाहीर करणे नियमाने बंधनकारक आहे. संचालकांच्या वार्षिक अहवालातही ही माहिती मिळते. गेल्या तीन वर्षांत त्या कंपनीने कशावर खर्च केला, हे वाचल्याविना अर्ज करू नये.

कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राला व त्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कलम १३५ म्हणते. परंतु ही सूचना मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असे केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या स्पष्टीकरणात नमूद केले. तात्पर्य, 'आमची शाळा तुमच्या कारखान्यापासून पाच किलोमीटरवर आहे' हे विधान अर्जात जरूर असावे, पण तो हक्काचा दावा ठरत नाही.

काही कामे या निधीत बसत नाहीत. केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आखलेला उपक्रम, जाहिरातीचा लाभ मिळावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व आणि राजकीय पक्षाला दिलेली देणगी यांना सामाजिक दायित्व मानले जात नाही. शाळेत कामगारांची मुले शिकतात म्हणून अडचण येत नाही. उपक्रम सर्व मुलांसाठी असला म्हणजे पुरे. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर फलक लावण्याच्या बदल्यात मिळणारे पैसे मात्र प्रायोजकत्वच ठरतात आणि ते या निधीत दाखविता येत नाहीत.

चाकण परिसरात परदेशी भांडवलाच्या कंपन्या बऱ्याच असल्याने एक शंका वारंवार उपस्थित होते : त्यांची मदत ही विदेशी देणगी ठरते काय? २०१६ च्या वित्त अधिनियमाने विदेशी अभिदाय कायद्यात केलेल्या दुरुस्तीनुसार, भारतात नोंदलेल्या कंपनीचे परदेशी भागभांडवल त्या क्षेत्रासाठी ठरलेल्या मर्यादेत असेल तर ती कंपनी विदेशी स्रोत मानली जात नाही. मात्र मदत जर त्या उद्योगसमूहाच्या परदेशातील प्रतिष्ठानाकडून थेट येणार असेल, तर संस्थेजवळ विदेशी अभिदाय कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्यावाचून ती स्वीकारता येत नाही. पैसा कोणत्या खात्यातून निघणार, हे म्हणूनच आधी विचारून घ्यावे.

४. पैसा कोणत्या दाराने येतो

कंपनी मंडळाच्या देखरेखीखाली काम स्वतः करू शकते किंवा अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेमार्फत करून घेऊ शकते. अशा संस्थेने १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' या नमुन्यात नोंदणी करणे आवश्यक झाले. कंपनीशी संबंध नसलेल्या न्यासाला किंवा सोसायटीला प्राप्तिकर कायद्याखालील धर्मादाय नोंदणी, देणगीवरील करसवलतीची मान्यता आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असावा लागतो. ही नोंदणी व मान्यता आजवर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील '१२ अ' आणि '८० जी' या नावांनी ओळखली गेली. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत. अर्जासोबत जोडावयाची प्रमाणपत्रे त्या दृष्टीने तपासून घ्यावीत.

शाळेच्या प्रकारानुसार दार बदलते. अनुदानित शाळा चालविणारी शिक्षणसंस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असल्यास वरील अटी पूर्ण करून स्वतः अर्ज करू शकते. जुन्या संस्थांची अडचण येथे निराळीच असते. विश्वस्त बदलले, काही निवर्तले, पण धर्मादाय आयुक्तांकडील फेरफार अर्ज वर्षानुवर्षे निकाली निघालेला नाही. अनुसूची एकच्या उताऱ्यावर जुनी नावे आणि ठरावावर नवी नावे, असा मेळ न बसणारा कागद पाहून कंपनीचा विधी विभाग प्रस्ताव बाजूला ठेवतो. उपक्रम कितीही चांगला असला तरी त्याचा विचारच होत नाही. म्हणून निधीची तयारी ही संस्थेच्या दप्तरापासून सुरू व्हावयास हवी.

महानगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व नसते. मुख्याध्यापकाने परस्पर करार करू नये किंवा धनादेश स्वीकारू नये. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांची शिफारस आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता असा ग्रामीण भागातील क्रम आहे. शहरात महानगरपालिकेच्या शिक्षण विभागामार्फत जावे लागते. सामाजिक दायित्वाच्या कामांच्या समन्वयासाठी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने स्वतंत्र कक्षही निर्माण केला आहे. कंपनी, अंमलबजावणी करणारी संस्था आणि स्थानिक प्राधिकरण यांच्यात सामंजस्य करार होतो आणि शाळेस बहुधा वस्तू व सेवा मिळतात. इमारत किंवा यंत्रसामग्री अशी भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती पात्र सार्वजनिक न्यास, लाभार्थींचा समूह किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याच नावे असावी लागते. पालिकेच्या शाळेत उभी राहिलेली प्रयोगशाळा कायद्याने पालिकेची होते, हे करारात स्पष्ट लिहावे. तिच्या देखभालीचे दायित्वही पालिकेकडे जाते.

ज्या शाळेला पैसा नको, पण वस्तू किंवा माणसांचा वेळ हवा आहे, तिच्यासाठी केंद्र शासनाचा 'विद्यांजली' हा मंच आहे. ७ सप्टेंबर २०२१ रोजी त्याची नवी आवृत्ती सुरू झाली. शाळा आपली गरज तेथे नोंदविते आणि इच्छुक व्यक्ती किंवा संस्था ती पूर्ण करण्याची तयारी दर्शवितात. कायद्याची मर्यादा न गाठणाऱ्या लहान कारखानदाराला, तसेच निवृत्त अभियंत्याला या मार्गाने सहभागी होता येते.

५. अर्जाची मांडणी : एक उदाहरण

अर्जात चार गोष्टी पाहिल्या जातात : स्थिती, हेतू, कृती आणि खर्च. त्या एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर अर्ज वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

उदाहरणादाखल खेड तालुक्यातील पहिली ते चौथीच्या एका काल्पनिक शाळेचा विचार करू. पट ६०, शिक्षक दोन. 'शाळेस डिजिटल वर्ग मिळावा' अशी मागणी करण्याचा विचार प्रथम पुढे येतो, कारण शेजारच्या शाळेस तो मिळालेला असतो. परंतु शिक्षकांनी एका आठवड्यात प्रत्येक मुलाला दुसरीच्या पातळीचा सोपा उतारा वाचावयास दिला असता, तिसरी-चौथीच्या ३० मुलांपैकी १४ मुलांना तो वाचता आला नाही, असे दिसून आले. आता गरज बदलली. तिला संख्या मिळाली, आणि ती संख्या वर्षअखेरीस पुन्हा मोजताही येते.

हेतू असा लिहिता येईल : 'दहा महिन्यांत या १४ पैकी किमान ११ मुले दुसरीच्या पातळीचा उतारा अडखळल्याविना वाचतील आणि सर्व ६० मुलांना आठवड्याला एक पुस्तक घरी नेता येईल.' 'मुलांचा सर्वांगीण विकास होईल' यासारखे वाक्य अर्जात असले काय आणि नसले काय, सारखेच. कारण ते तपासता येत नाही.

खर्चाचे कोष्टक हेतूला धरून असावे. ३०० पुस्तके सरासरी ८० रुपये दराने २४,००० रुपये. दोन कपाटे १८,००० रुपये. गावातीलच एका पदवीधर तरुणीस वाचन-साहाय्यक म्हणून दरमहा ६,००० रुपये प्रमाणे दहा महिन्यांचे मानधन ६०,००० रुपये. प्रशिक्षण ८,००० रुपये. चाचण्यांची छपाई ४,००० रुपये. प्रवास व वाहतूक ६,००० रुपये. एकूण १,२०,००० रुपये, म्हणजे दर मुलामागे २,००० रुपये. यांतील ४२,००० रुपये एकदाच लागणारे आणि ७८,००० रुपये दरवर्षी लागणारे आहेत. या शेवटच्या आकड्यासमोर शाळेने थांबले पाहिजे. दुसऱ्या वर्षी ते ७८,००० कोठून येतील? ग्रामपंचायत काही वाटा उचलेल काय? प्रशिक्षित झालेल्या माता आठवड्यातून दोन दिवस वाचनवर्ग घेतील काय? निधी देणारा हा प्रश्न विचारतोच. त्याआधी तो समितीने स्वतःला विचारलेला बरा.

लोकवर्गणीचे महत्त्व येथे ध्यानात येते. तळेगावचा काचकारखाना या पट्ट्याच्या शेजारीच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी माणसामागे एक पैसा अशा वर्गणीतून उभ्या राहिलेल्या 'पैसा फंडा'ने १९०८ मध्ये तो सुरू केला. त्या काळी लोकांनी पैसा-पैसा जमवून उद्योग उभा केला. आज त्याच परिसरातील उद्योगांच्या नफ्याचा वाटा लोकांच्या शाळांकडे वळविण्याची कायदेशीर सोय झाली आहे. मात्र पैसा फंडाचे बळ रकमेपेक्षा देणाऱ्यांच्या संख्येत होते. अर्जात 'गावाचा वाटा ५,००० रुपये' अशी ओळ असली, तर उपक्रमाला गावाची मान्यता असल्याचा तो पुरावा ठरतो.

या पट्ट्यातील दोन शाळांचा अनुभवही हेच सुचवितो. आकांक्षा फाउंडेशनच्या भागीदारीत चालविलेली बोपखेल येथील महानगरपालिकेची इंग्रजी माध्यमाची शाळा २०२२ साली, तर खेड तालुक्यातील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषदेची शाळा २०२५ साली, टी-फोर एज्युकेशन या संस्थेच्या जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्काराच्या पहिल्या दहांत आली. दोन्ही शाळांची निवड 'समाजाशी सहकार्य' या एकाच गटात झाली होती, हे येथे महत्त्वाचे. पालक व परिसर ज्या शाळेशी जोडलेले असतात, तिच्या अर्जाला आधार असतो.

६. वेळेचे गणित

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. कंपनीचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये. सामाजिक दायित्वाच्या कामांचा वार्षिक कृती आराखडा संचालक मंडळाला मंजूर करावा लागतो. ज्या वर्षी उपक्रम राबवावयाचा, त्याच्या आधीच्या ऑक्टोबर ते जानेवारीत अर्ज पोहोचला, तर त्या आराखड्यात त्याला जागा मिळण्याची शक्यता अधिक. जुलैमध्ये गरज आठवली, तर उरलेल्या रकमेची वाट पाहणे एवढेच हाती राहते.

आर्थिक वर्ष संपताना रक्कम अखर्चित राहिल्यास काय होते, हेही शाळेने जाणून घ्यावे. काम चालू प्रकल्पाचे असेल, तर ती रक्कम वर्षअखेरीपासून ३० दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात वर्ग करून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करावी लागते. चालू प्रकल्प नसेल, तर सहा महिन्यांच्या आत ती कायद्यात नमूद केलेल्या निधीत जमा होते. यामुळेच फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी कंपनीकडून अचानक विचारणा होते. ज्या शाळेजवळ समितीचा ठराव, मान्यतापत्र आणि दरपत्रके तयार आहेत, तीच अशा वेळी पुढे येऊ शकते. घाईने मिळणारे टॅब वा फळे स्वीकारण्याचा मोहही याच काळात होतो. आराखड्यात नसलेली वस्तू नम्रपणे नाकारण्याचे धैर्य समितीने ठेवावे.

वाचनासारख्या उपक्रमाला एक वर्ष पुरत नाही. प्रकल्प सुरू झालेले वर्ष वगळून आणखी तीन वर्षांपर्यंतचा प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर होऊ शकतो. अर्जातच बहुवार्षिक मांडणी केल्यास दरवर्षी नव्याने हात पसरावा लागत नाही.

७. हिशेब

हक्क अधिनियमाच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीचे आणखी एक काम सांगितले आहे : शासन, स्थानिक प्राधिकरण 'किंवा अन्य कोणत्याही स्रोताकडून' मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे. कंपनीची मदतही या शब्दांत येते. म्हणून आलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढविणे, रोख रकमेचे स्वतंत्र खतावणी पान ठेवणे, तीन दरपत्रके जपणे आणि समितीच्या सभेत तिमाही हिशेब वाचणे ही कामे कारकुनी समजू नयेत. वर्षअखेरीस द्यावयाचे उपयोगिता प्रमाणपत्र हे या नोंदींचेच फलित असते. त्यासोबत आरंभी मोजलेल्या १४ मुलांची अखेरची स्थितीही द्यावी. ११ ऐवजी ८ मुलेच वाचू लागली असतील, तर तसेच लिहावे आणि कारण द्यावे. खरा आकडा देणाऱ्या शाळेवर पुढच्या वर्षी विश्वास बसतो.

एक सीमारेषा मात्र कधीही ओलांडू नये. बालकाला प्रवेश देताना अधिसूचित शुल्काखेरीज कोणतीही देणगी वा वर्गणी घेणे हे कलम १३ अन्वये प्रतिव्यक्ती शुल्क ठरते. त्यासाठी घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. शाळा नावारूपाला आली, की प्रवेशासाठी रांग लागते आणि 'ऐच्छिक' देणगीची भाषा सुरू होते. लोकवर्गणी आणि प्रवेश यांचा कागदोपत्रीही संबंध दिसू नये, इतकी सावधगिरी आवश्यक आहे. ज्या मुलांसाठी निधी मागितला, त्यांतील सर्वांत गरीब मूलच देणगीअभावी दाराबाहेर राहिले, तर त्या निधीला अर्थ उरत नाही.

समारोप

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यात शाळांसाठी निधीचे मार्ग अनेक आहेत, पण ते आपोआप शाळेपर्यंत येत नाहीत. शासनाकडे हक्काचे मागावे, कंपनीकडे मदतीचे मागावे आणि गावाकडे सहभागाचे मागावे. तिन्ही मागण्यांचा उगम मात्र शाळेच्या एकाच विकास आराखड्यात असावा. अर्ज लिहिण्याचे कौशल्य म्हणजे भाषेचा फुलोरा नव्हे. आपल्या मुलांची स्थिती मोजणे, ती प्रामाणिकपणे मांडणे आणि मिळालेल्या पैशाचा जाहीर हिशेब देणे, एवढेच ते आहे. हे काम दोनशिक्षकी शाळेला एकटीने करणे कठीण जाते. केंद्रातील दहा-बारा शाळांनी मिळून एक प्रस्ताव केला आणि केंद्रप्रमुखांनी त्याची कागदपत्रे एकत्र ठेवली, तर हमरस्त्यावरील शाळेच्या बरोबरीने वाडीवरची शाळाही त्याच अर्जात येईल. औद्योगिक प्रगतीचा लाभ कारखान्याच्या कुंपणाबाहेर किती दूर पोहोचला, याचे उत्तर अशा शाळांतील मुलांच्या वाचनातूनच मिळणार आहे.